अपघाताच्या आधीचं निवेदन

४ नोव्हेंबर, मंगळवार

परिषदेसाठी आज नवे बूट घेतले आणि संध्याकाळपासून ते घालून खोलीतच फेऱ्या मारतेय. तीन दिवस, चारशे माणसं, आणि सगळीच्या सगळी बोलण्यात पटाईत. जनसंपर्क शिकणाऱ्या मुलीला माणसांचीच भीती वाटते हे वर्गात सांगायची सोय नाही. बाबांना माहीत आहे. ते मला लहानपणापासून भागूबाई म्हणतात. ‘भित्री’ तेवढं मायेने गाळतात.

माझा पास फुकटचा आहे. बाबांची खताची कंपनी या परिषदेची मुख्य प्रायोजक, आणि कर्मचाऱ्यांच्या मुलांपैकी जो हा विषय शिकत असेल त्याच्यासाठी त्यांनी एक जागा ठेवली होती. शोधाशोध केली तर हा विषय शिकणारी मी एकटीच निघाले. बाबांनी अमोनियाच्या टाक्यांवर ऑपरेटर म्हणून सव्वीस वर्षं काढली, पण कंपनीकडून घरी असं काही पहिल्यांदाच आलं. आई फोनवर म्हणाली, “तुझ्या बाबांनी त्या पत्राच्या चार झेरॉक्स काढल्यात. एक दूधवाल्याला दाखवली.”

आमच्या सरांनी सांगितलंय की परिषदेत शिकलेलं रोज लिहून काढा, करिअरला उपयोगी पडतं. म्हणून ही वही. उद्या सकाळी नऊला तिथे पोचायचंय. झोप येईलसं वाटत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिला धडा लिफ्टमध्येच मिळाला. एका गृहस्थांनी मला त्यांचं कार्ड दिलं आणि माझ्या कार्डासाठी हात पुढे करून उभे राहिले. माझ्याकडे कार्ड कुठलं? मी गडबडून त्यांच्या हातात हॉस्टेलच्या मेसचं कुपन ठेवलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, थँक यू म्हणाले आणि पाचव्या मजल्यावर उतरले. माझं आजचं रात्रीचं जेवण त्यांच्या खिशात गेलं.

दुपारच्या सत्रात ज्यांचं नाव आमच्या वर्गात आदराने घेतात त्या मॅडम बोलल्या. त्यांची स्वतःची संस्था आहे, मोठमोठ्या कंपन्यांचं जनसंपर्काचं काम त्या बघतात. बाबांच्या कंपनीचंही बघतात. पन्नाशीच्या असतील. आवाज इतका हळू की चारशे माणसं पुढे झुकून ऐकत होती.

त्या म्हणाल्या, संकट आल्यावर लिहायला बसलात तर तुम्ही हरलात. पहिल्या तासात जो बोलतो त्याचंच लोक ऐकतात. म्हणून आगीचं, अपघाताचं, मृत्यूचं निवेदन आधीच लिहून ठेवायचं. तारीख आणि वेळ तेवढी मोकळी सोडायची. आकडासुद्धा अंदाजाने घालून ठेवायचा, म्हणजे मजकुराचा सूर बरोबर लागतो. दोन माणसांसाठीचं दुःख आणि वीस माणसांसाठीचं दुःख एकाच भाषेत लिहिता येत नाही.

सगळ्यांनी ते लिहून घेतलं. मीही घेतलं. शेजारच्या मुलीला म्हटलं, तुला हे कसंतरी नाही वाटत? ती म्हणाली, अगं, विमा काढतो आपण, तसंच. तिचं बरोबर असेल. मी जरा जास्तच घाबरते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मी पहिली आले. हे वाक्य परत एकदा लिहिते. मी पहिली आले.

विद्यार्थ्यांची स्पर्धा होती. प्रत्येकाला एक छापील कागद, हातात एक तास. कागदावर होतं ते असं: काल्पनिक कंपनी. दुपारी चार वाजता अमोनियाच्या साठवण टाकीला तळाशी गळती. मृत सात, जखमी एकतीस. टाकीचा पत्रा झिजल्याची नोंद अकरा महिन्यांपूर्वीच्या तपासणीत आहे, दुरुस्ती वार्षिक शटडाउनपर्यंत पुढे ढकललेली आहे. पत्रकार हे विचारतील. निवेदन लिहा.

अमोनिया हा शब्द मी दोनदा वाचला. मग वाटलं, बरंच झालं, एक तरी शब्द माझ्या ओळखीचा आला. बाकीची मुलं खाली मान घालून ‘कंपनीला अत्यंत खेद होत आहे’ असलं काहीतरी खरडत होती. माझ्या डोळ्यांसमोर आई आली. प्लांटवरून जरा काही वेगळा आवाज आला की ती हातातलं काम टाकून खिडकीशी जाते आणि बाबांची सायकल दिसेपर्यंत तिथून हलत नाही. मी पहिलं वाक्य लिहिलं: ‘आज ज्या घरांमध्ये कोणीतरी वाट बघत थांबलं आहे, त्या घरांशी आम्हाला सर्वांत आधी बोलायचं आहे.’ पुढचं मग आपोआप आलं. कामगारांची सुरक्षितता वगैरे घातलं. तपासणीचा प्रश्न अडचणीचा होता. तिथे मी लिहिलं, ‘तपासणी ही आमच्याकडे सातत्याने चालणारी प्रक्रिया असून तिचे सर्व तपशील आम्ही संबंधितांना उपलब्ध करून देऊ.’ यात ना हो आहे, ना नाही. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

मॅडमनी निवेदन स्वतः वाचून दाखवलं. मला भीती वाटत होती, पण ती भीती बरी होती.

जेवायला त्यांनी मला शेजारी बसवलं. विचारलं, “ते वाट बघण्याचं वाक्य कुठून सुचलं तुला?”

“आमच्या घरून, मॅडम. माझे बाबा आपल्या प्रायोजक कंपनीतच आहेत ना. अमोनियाच्या टाक्यांवर ऑपरेटर.”

त्यांचा चमचा ताटात तसाच राहिला. “कोणती शिफ्ट?”

“या महिन्यात दुसरी. दुपारी दोनला लागते.”

त्या पाणी प्यायल्या. मग पलीकडे बसलेल्या त्यांच्या मदतनीस बाईंना म्हणाल्या, “कर्मचाऱ्यांच्या मुलांना पास द्यायचं कोणी सुचवलं होतं?” त्या हसून म्हणाल्या, “आपणच, मॅडम. कंपनीची प्रतिमा चांगली दिसावी म्हणून.” नंतर मॅडम फारसं जेवल्या नाहीत. माझं काहीतरी चुकलं असणार. बहुतेक मी तोंडात घास असताना बोलले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चुकलं नव्हतं. मला नोकरी लागली! पदवी हातात नाही, शेवटची परीक्षा व्हायची आहे, आणि मॅडमनी मला त्यांच्या संस्थेत घेतलं. सोमवारपासून दुपारी जायचं. निरोप आला तेव्हा मी तीनदा विचारलं की नक्की मीच ना. वर्गातली मुलं म्हणतायत की यापूर्वी त्यांनी असं कधी कोणाला घेतलं नव्हतं.

एका कागदावर सही करून घेतली. कामाच्या संबंधात जे वाचेन, ऐकेन, ते बाहेर कोणाला सांगणार नाही, सांगितलं तर कायदेशीर कारवाई. सही करण्याआधी मी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, “सगळ्यांकडूनच घेतो आम्ही.”

निघताना त्यांनी मला थांबवलं. “बाबांची रजा शिल्लक असेल ना? डिसेंबर संपेपर्यंत त्यांना कुठेतरी फिरायला घेऊन जा. शटडाउन लागलं की मग येऊ देत कामावर. इतकी वर्षं राबलेत.” एवढ्या मोठ्या बाई, माझ्या बाबांच्या रजेचा विचार करतात, त्यांचं शटडाउन जानेवारीत असतं हेही त्यांना ठाऊक. मला भरून आलं. आपल्याला असं माणूस व्हायला जमेल का?

घरी फोन केला. आईने आनंदाने रडून घेतलं आणि मग गावभरच्या बातम्या दिल्या. प्लांटचा भोंगा दहा-बारा दिवसांपासून बिघडलाय, म्हणून दुसऱ्या शिफ्टच्या तीन जुन्या माणसांना शिट्ट्या दिल्यात. काही झालं तर त्यांनी वाजवायची. त्यातले एक बाबा. “घरातसुद्धा गळ्यात घालून बसतात. चहा हवा असला की वाजवतात.” कॅन्टीनचं छप्पर काढलंय, म्हणून सगळे टाकीजवळच्या सायकल शेडमध्ये जेवतात. मी विचारलं, तिथे वास नाही का येत? आई म्हणाली, “त्यांना कसला वास, सव्वीस वर्षांत नाक मेलंय त्यांचं.”

रात्री शिफ्ट सुटल्यावर रजेचं बाबांना सांगितलं. ते हसले. “शटडाउनला बघू गं. आत्ता माणसं कमी आहेत.”

१० नोव्हेंबर, सोमवार

काय लिहू कळत नाही. जसं झालं तसं लिहिते.

कार्यालय छान आहे. मला खिडकीजवळचं टेबल दिलं, पाण्याची बाटली, नवीन पेन. मदतनीस बाईंनी एक निळी फाइल आणून ठेवली. म्हणाल्या, तुझं स्पर्धेतलं निवेदन मॅडमना आवडलंय, थोडं वाढवून नीट कर, ही त्याची पार्श्वभूमी. कंपनीचं नाव काळ्या शाईने खोडलेलं होतं.

चौथ्या पानावर ‘संभाव्य परिणाम’ असं शीर्षक होतं. खाली लिहिलं होतं: भोंगा नादुरुस्त, इशारा शिट्टीने. शिट्ट्या तिघांकडे. इशारा देणारी माणसं सर्वांत शेवटी बाहेर पडतील, म्हणून मृतांच्या अंदाजात हे तिघे धरले आहेत. उरलेले चार तात्पुरत्या कॅन्टीनमधले, सायकल शेड, टाकी क्रमांक तीनपासून चाळीस मीटर.

तारीख २९ ऑक्टोबर.

मी फाइल मिटली. बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. मग परत येऊन तेच पान वाचलं. नाव खोडायला ते विसरले नव्हते. शिट्टी आणि सायकल शेड खोडायचं त्यांना सुचलं नाही, कारण ते वाचून कोणाला काही कळेल असं त्यांना वाटलंच नसेल. बाहेरच्या कोणालाही कळलं नसतं.

मी स्वतःला समजावतेय. शिट्ट्या काय, कुठेही असतात. सायकल शेडही सगळ्या कारखान्यांत असते. मी भागूबाई आहे, मला दोरीचा सापच दिसणार. पण ते पान मला पाठ झालंय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ती फाइल बाबांच्याच कंपनीची ना, असं मॅडमना विचारलं. विचारण्याआधी त्यांच्या दाराबाहेर पाच मिनिटं उभी होते, शिपाई दोनदा बघून गेला. आत गेल्यावर ततपप झालं, पण विचारलं.

त्यांनी नाकारलं नाही. नाकारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाल्या, “प्रत्येक कंपनी अशी तयारी ठेवते. त्यांच्या सुरक्षा विभागाने अंदाज दिला, आपण मजकूर देतो. मुलांच्या स्पर्धेत ठेवला कारण ताजी भाषा हवी होती. होणार असं कोणी म्हटलेलं नाही.”

“मग टाकी दुरुस्त का करत नाहीत?”

“मी विचारलं होतं. टाकी रिकामी करून दुरुस्त करायची तर उत्पादन तीन आठवडे बंद राहतं. जानेवारीत करणार आहेत.” मग म्हणाल्या, “ते आपलं काम नाही. डॉक्टर आजार देत नाही ना?”

मी उठले. त्यांनी अगदी हळू विचारलं, “मी तुला रजेचं सांगितलं होतं. घरी सांगितलंस का?”

तेव्हा मला सगळं कळलं. जेवताना चमचा का थांबला, नोकरी कशी लागली, सहीची घाई का. शुक्रवारी याच बाईंबद्दल मी या वहीत काय लिहिलंय ते वर आहेच, खोडत नाही. त्या वाईट आहेत असंही धड म्हणता येत नाही. एका माणसाला वाचवायचा प्रयत्न त्यांनी केला. बाकीच्या सहांसाठी त्यांच्याकडे निवेदन होतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज मी काय काय केलं नाही त्याची यादी मोठी होईल. सकाळी बाबांना फोन लावला आणि त्यांनी उचलायच्या आत कापला. सहीच्या कागदाची माझी प्रत तीनदा वाचली. कायदेशीर कारवाई म्हणजे नेमकं काय हे कोणाला विचारायचीही भीती वाटते, कारण का विचारतेस म्हणतील. आणि खरं सांगायचं तर नोकरीही जायला नको होती. वडील टाकीखाली उभे आहेत आणि मुलगी खिडकीजवळच्या टेबलाचा विचार करते आहे. हे मी दुसऱ्या कुठे लिहिणार नाही.

दुपारी धीर करून कारखाने तपासणीच्या सरकारी कार्यालयात फोन केला. नाव सांगितलं नाही. एकाने दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला. तिसरे गृहस्थ म्हणाले, “लेखी अर्ज द्या, तीन प्रतींत. साहेब दौऱ्यावर आहेत, सोमवारनंतर.” मी म्हटलं, टाकी सोमवारपर्यंत थांबली नाही तर? ते म्हणाले, “म्हणजे? तुम्ही धमकी देताय का?” मी फोन ठेवला.

घड्याळात दोन वाजले की मी मिनिटं मोजायला लागते. दोन ते दहा. शिफ्ट सुटेपर्यंत मी माणसात नसते.

अखेर दहानंतर बाबांशी बोलले. ते मनापासून हसले. “अगं, परीक्षेतला प्रश्न तो. तीन नंबरची तपासणी झालीय गेल्या वर्षी, पास आहे टाकी. आम्हाला वाचून दाखवलं होतं. झोप आता.” त्यांनी फोनवर शिट्टी वाजवून दाखवली. मी फोन कानापासून लांब धरून रडले.

उद्या पहिल्या बसने घरी जाते. फाइलच्या चार पानांचे फोटो संध्याकाळीच काढून ठेवलेत. काढताना तीन फोटो हलले, ते परत काढले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तीन तासांचा बसप्रवास. वाटेत मॅडमच्या कार्यालयातून दोन फोन येऊन गेले. उचलले नाहीत.

आई मला बघून आधी खूश झाली, मग तोंड बघून घाबरली. बाबा अंघोळ करून डबा भरायची वाट बघत स्वयंपाकघरात बसले होते. मी कागद छापून आणले होते, ते त्यांच्यापुढे ठेवले. बाबा ओठ हलवत, बोट फिरवत वाचतात, हळूहळू. शिट्टीचं वाक्य आलं तेव्हा ते जरा हसले, “हे तर आम्हीच की.” आई दाराशी उभी होती. ती हसली नाही.

मग पुढचं पान. त्यात तपासणीचा आकडा होता. बाबांचं बोट तिथे थांबलं ते थांबलंच.

“सात पूर्णांक चार,” ते म्हणाले. “बारा मिलिमीटरचा पत्रा, सात पूर्णांक चार.”

“काय झालं, बाबा?”

“बॅटरी मीच धरली होती गं. तो तपासणीवाला खाली आडवा होऊन यंत्र लावत होता आणि मी उजेड धरला होता. त्याने आकडा दोनदा म्हटला. सात पूर्णांक चार, सात पूर्णांक चार. मग मला विचारलं, ही टाकी किती जुनी? मी म्हटलं, माझ्याएवढी नोकरी झालीय तिची. महिन्याने सेफ्टीवाल्यांनी सगळ्यांसमोर वाचलं, टाकी पास. मला वाटलं माझ्याच ऐकण्यात चूक झाली.”

आईने गॅस बंद केला. मला वाटलं होतं बाबा चिडतील, ओरडतील. ते नुसते बसून राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं बघितलं.

ते आज कामावर गेले. आईने हात धरला, मी दार अडवलं. म्हणाले, “मी एकटा घरी बसू आणि बाकीच्यांना तिथे जेवू देऊ? आज सगळ्यांना शेडमध्ये नाही, फाटकाबाहेर जेवायला बसवतो. उद्या सगळी शिफ्ट जमली की बोलतो.” जाताना विचारलं, “तू लिहिलेलं ते निवेदन दे. त्याच्यावर तुझं नाव आहे. नेऊ ना?”

मी लगेच हो म्हणाले नाही. किती वेळ गेला माहीत नाही, पण आईने माझ्याकडे वळून बघितलं एवढा गेला. मग म्हटलं, न्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पावणेदोन वाजता बाबा फाटकापाशी एका बाकावर उभे राहिले. मी आणि आई रस्त्याच्या पलीकडे होतो. जायचं नाही असं ठरलं होतं, पण आईला कोण थांबवणार.

अडतीस माणसं डबे हातात घेऊन उभी होती. बाबांनी आधी आकडा सांगितला, बॅटरीची गोष्ट सांगितली. कोणी मान हलवली, कोणी हसलं, दोघे-तिघे कार्ड काढून आत निघाले. तेव्हा त्यांनी माझा कागद उघडला आणि वाचायला लागले. बाबांना मोठ्याने वाचायची सवय नाही. मॅडमनी वाचलं तेव्हा ते निवेदन होतं. बाबांच्या तोंडून ते घरून आलेल्या पत्रासारखं वाटलं.

‘आज ज्या घरांमध्ये कोणीतरी वाट बघत थांबलं आहे...’

आत निघालेले थांबले. ‘आमच्या सात सहकाऱ्यांना आम्ही गमावले आहे’ इथपर्यंत आले तेव्हा कोणी डबासुद्धा हलवत नव्हतं. बाबांनी फाइलचं पानही वाचलं. शिट्टीवाले तीन, शेडमधले चार. एक वयस्कर फिटर मागे उभा होता, त्याला ऐकू आलं नाही, म्हणून परत वाचलं.

मग एक जण म्हणाला, “तीन कळले. ते चार कोण?”

माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. मी मोजत होते की नाही मला आठवत नाही, पण ते सगळे मोजत होते हे रस्त्यापलीकडून कळत होतं. मग एकाने विचारलं, “हे निवेदन लिहिलं कोणी?” बाबा म्हणाले, “माझ्या मुलीने.” मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या माणसाने मान वळवून आमच्याकडे बघितलं आणि डबा खाली ठेवला.

कोणीही आत गेलं नाही. पहिल्या शिफ्टची माणसंही बाहेर आली. साडेतीनला मॅनेजर आले, पाचला मुख्य कार्यालयातून गाडी आली, सातला ठरलं. टाकी उद्या सकाळपासून रिकामी करणार. कंपनीने सांगितलं, नियमित देखभालीसाठी.

माझा जीव भांड्यात पडला म्हणेपर्यंत बाबांनी पुढचं सांगितलं. टाकी आपोआप रिकामी होत नाही. टँकर लावून, नळ जोडून ती माणसांनाच करावी लागते, आणि गळायची भीती सगळ्यात जास्त तेव्हाच. बारा माणसं हवीत, टाकीची खोड ठाऊक असलेली. बाबांनी पहिलं नाव दिलंय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बाबा सकाळी सातला गेले. आई खिडकीशी आहे. मी तिच्या पायाशी बसून लिहितेय.

नऊ. काही नाही.

साडेअकरा. शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या, तसाच आहे. आईने एकदाच तोंड उघडलं, “तू सांगितलं नसतंस तर ते शेडमध्ये असते, सांगितलंस तर टाकीवर. बरं कुठलं, मला काही कळेनासं झालंय.” मलाही कळत नाही. मी सांगितलं म्हणून ते आज त्या टाकीला चिकटून उभे आहेत, हे मी सकाळपासून स्वतःला शंभर वेळा ऐकवलंय.

दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी मॅडमचा फोन. मला वाटलं कारवाईचं सांगणार. मी उचलला, कारण आता कशाला घाबरायचं तेच समजत नव्हतं.

त्या नेहमीसारख्याच हळू बोलल्या. “झालं त्याचं नंतर बघू. आत्ता काम आहे. आत बाराच जण आहेत, अडतीस नाहीत. निवेदनातला आकडा आणि सूर बदलावा लागेल. तयार असलेलं बरं. तासाभरात करून पाठवशील?”

“मॅडम, आत माझे बाबा आहेत.”

त्या म्हणाल्या, “मला माहीत आहे. म्हणूनच तुला सांगतेय. दुसरं कोणी तसं लिहिणार नाही.”

मी फोन ठेवला नाही, उत्तरही दिलं नाही. त्यांनीच ठेवला. सगळ्यात भीतीची गोष्ट ही, की तो मजकूर माझ्या डोक्यात तयार होऊ लागला. पहिलं वाक्य आलं. चांगलं होतं. आईची पाठ समोर दिसत होती आणि माझ्या डोक्यात तिच्यासाठीचं वाक्य जुळत होतं. मी वही मिटली आणि जाऊन तिच्याजवळ उभी राहिले. तिने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं बधिर झाली. तीन वाजले, चार वाजले. आम्ही बसलो नाही.

सहाला दहा कमी असताना आई म्हणाली, “सायकल.”

बाबा फाटकातून आत आले, सायकल भिंतीला लावली, पायरीवर बसून बूट काढायला लागले. एक निघाला, दुसरा निघेना. डोळे लाल झाले होते, अंगाला वास होता. आईने खाली वाकून त्यांच्या बुटाची नाडी सोडवली.

“रिकामी झाली,” ते म्हणाले. “बाराच्या बारा बाहेर आलो.”

मी आत जाऊन मॅडमना उत्तर पाठवलं: मजकूर लागणार नाही.